रूथबाई चांदेकरांचा राग

गेल्या डिसेंबरात भिलाईच्या चर्चच्या जुन्या क्वायरमधली आम्ही माणसं नागपुरात एकत्र आलो. जमवाजमव माझ्याकडे होती. कोण येणार, कोण काय आणणार, कुणाला जिने चढवत नाहीत म्हणून खालची खोली, हे सगळं मीच पाहिलं होतं. जेवणं झाली आणि अपेक्षेप्रमाणे आम्हाला गाणं शिकवणाऱ्या रूथबाईंचा विषय निघाला. एकजण म्हणाली, "रागीट होत्या गं, पण मनानं किती प्रेमळ!" सगळ्यांनी माना डोलावल्या. आणखी एकीनं डोळे पुसले. मी उठून भांडी आवरायला घेतली, कारण बसून राहिले असते तर भांडण झालं असतं.

रूथबाई चांदेकर मनानं प्रेमळ नव्हत्या. निदान आम्हाला तसं कधी दिसलं नाही. त्या रागीट होत्या आणि रागवायला त्यांच्याकडे कारणं होती. माणूस गेलं की त्याचा राग पाकात घालून मुरवायचा आणि मग वाटायचा, ही रीत मला पसंत नाही. म्हणून लिहायला बसले आहे. जमेल तेवढं क्रमानं लिहिते.

आधी, त्यांना राग कशाचा यायचा ते. उशिरा येणाऱ्याचा नाही, कारण त्या दिवसांत भिलाईत वेळेवर पोचणं हा निव्वळ योगायोग असे. त्यांना राग यायचा तो हळू गाणाऱ्याचा. शेजारच्याच्या आवाजामागे लपणाऱ्याचा. गाताना डोळे मिटून घेणाऱ्याचा. "डोये कावून मिटले? झोप आली काय?" गाणं संपल्या संपल्या खोकणाऱ्याचा तर फारच. आणि 'गोड' या शब्दाचा. "किती गोड गातात हो पोरं," असं कुणा पालकानं म्हटलं की बाईंचे ओठ घट्ट मिटायचे. एकदा त्यांनी एका आईला तोंडावर सांगितलं, "गोड जिलबी असते. मी गानं शिकवून राहिले."

बाई आमच्या शाळेत हिंदी आणि गाणं शिकवायच्या आणि रविवारी चर्चची क्वायर घ्यायच्या. शाळा सेक्टर दोनमध्ये. चर्च म्हणजे तेव्हा शाळेचाच एक लांबट हॉल होता. खऱ्या चर्चच्या भिंती मैदानापलीकडे हळूहळू वर येत होत्या. पोलादाचा प्लँट वर येत होता, कामगारांची क्वार्टर्स वर येत होती, मग चर्च तरी कसं मागे राहणार! बाई मूळच्या अमरावतीकडच्या, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेल्या. भाऊ दुर्गला रेल्वेत गार्ड होता. त्याच्याकडे म्हणून आल्या आणि भिलाईत नोकरीला लागल्या. लग्न केलेलं नव्हतं. त्याबद्दल विचारायची हिंमत माझ्या आईनं एकदाच केली.

"कोनी भेटला नाई काय, बाई?"

"भेटले ना. बेसूर होते."

अंगानं त्या ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या. साडी कायम पांढरी सुती, आणि इथल्या लाल मुरमामुळे ती गुडघ्यापर्यंत कायम गुलाबी. केसांत मागे खडू खोचलेला असायचा. त्या लेडीज सायकल चालवायच्या आणि मागच्या कॅरियरवर पेटी बांधून आणायच्या, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून. रस्ते धड झालेले नव्हते. खड्ड्यातून सायकल गेली की पेटी आतल्या आत एक सुस्कारा टाकायची आणि बाई मागे न बघता तिला दरडावायच्या, "गप."

आता त्यांच्या पद्धतीबद्दल, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

चर्चमधलं गाणं चार आवाजांत बसवतात. वरची ओळ म्हणजे गाण्याची चाल, जी लोक गुणगुणत घरी जातात ती. तिच्याखाली तिला धरून चालणाऱ्या तीन ओळी. वरच्या दोन बायका-मुलांच्या, खालच्या दोन पुरुषांच्या. दुसऱ्या कुठल्याही गावात ज्याची त्याला ओळ वाटून दिली की काम झालं. भिलाईत ते चालत नव्हतं, कारण पुरुष शिफ्टमध्ये अडकलेले. माझे वडील रोलिंग मिलमध्ये टाइमकीपर होते आणि सगळ्यात खालची ओळ गायचे. थॉमस म्हणून केरळचा एक दांडगा फिटर कोक ओव्हनमध्ये होता, तोही खालच्याच ओळीचा. हा आठवडा सकाळची पाळी, पुढला दुपारची, त्यापुढला रात्रीची. त्यामुळे कुठल्याही दोन रविवारी पुरुष तेच नसत. कधी खालची ओळ भरलेली आणि तिसरी रिकामी, कधी उलट.

बाईंनी त्यावर उपाय काढला होता. सगळ्यांना सगळं आलं पाहिजे. माझ्यासारख्या अकरा वर्षांच्या पोरीला थॉमसची ओळ आली पाहिजे, वरच्या सप्तकात का होईना, आणि थॉमसला माझी. तालमीत गाणं चालू असताना बाई केसांतला खडू काढून एखाद्यावर रोखायच्या, "तू, खाली!" की त्यानं त्याच श्वासात वरची ओळ सोडून खालची धरायची. अडखळला तर खडू अंगावर यायचा. "मानूस नाई आला म्हनून त्याची ओळ रिकामी राहायले नाई पायजे," हे त्यांचं वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांच्या पाठीमागे आम्ही ते चालीत म्हणायचो.

क्वायरमध्ये तेलुगू होते, मल्याळी होते, बंगाली होते, आम्ही नागपूरकडचे होतो आणि छत्तीसगढी होते. गाणी हिंदीत. ज्याला हिंदी येत नाही त्याला बाई आधी सरगम शिकवायच्या, मग शब्द, आणि अर्थ जमला तर. एका तेलुगू क्रेन ऑपरेटरनं वर्षभर एक स्तुतिगीत म्हटलं आणि मग विचारलं, "बहनजी, इसका मतलब क्या है?" बाई म्हणाल्या, "तुम ठीक गा रहे हो, मतलब छोड़ो. मतलबवाले सब बेसुरे हैं."

थॉमसची एक गोष्ट सांगते. रात्रपाळी करून तो तसाच तालमीला आला होता. भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपला आणि घोरायला लागला. घोरणंही खालच्या ओळीतलं. आम्ही पोरं फुटायच्या बेतात. बाईंनी फळ्याचा डस्टर उचलून नेमका त्याच्या छातीवर मारला. मिशीवर, सदऱ्यावर सगळीकडे पांढरी भुकटी. "बाहर!" हा सहा फुटी माणूस निमूट बाहेर गेला आणि व्हरांड्यात कान पकडून उभा राहिला. कान पकडायला कुणी सांगितलं नव्हतं. तिथूनही त्याची ओळ खिडकीतून बरोबर आत येत होती. तालीम संपल्यावर बाई त्याला म्हणाल्या, "बाहर से अच्छा आता है. अगले हफ्ते भी वहीं खड़े रहना." तो खरंच पुढच्या आठवड्यात बाहेर जाऊन उभा राहिला, तेव्हा बाई त्यावरूनही रागावल्या.

नाताळाआधी आम्ही ट्रकमध्ये बसून घरोघर गाणी म्हणत फिरायचो. एका संध्याकाळी एका बड्या साहेबांच्या बंगल्यावर पाहुणे जमले होते. साहेब सगळ्यांना घेऊन पोर्चमध्ये आले, हातात चहाचे कप. पहिलं कडवं झालं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, "बस बस, बहुत अच्छा, थँक यू." पाहुणे वळले. बाईंचा हात हवेत तसाच होता.

"अभी तीन बाकी हैं," त्या म्हणाल्या.

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. पाहुणे परत वळून उभे राहिले. आम्ही तीनही कडवी म्हटली, चहा निवला, एका पाहुणीनं शाल आणायला नोकर पाठवला. ट्रकमध्ये चढल्यावर आम्हाला वाटलं आता शाबासकी मिळेल. बाई म्हणाल्या, "शेवटचं कडवं पळवलं तुमी. त्याच्या कपाकडे पाहून राहिले होते सगळे."

त्यांचा राग नेहमी न्यायाचा होता असं मी म्हणणार नाही. शिउली नावाची एक बंगाली मुलगी होती. तिचा आवाज मऊ, रेशमी. बाईंना तो आवाज सहन व्हायचा नाही. "आळशी आवाज हाय हा, लोयत पडलेला," म्हणून त्या तिला सगळ्यांसमोर एकटीला गायला लावायच्या, परत परत, ती रडेपर्यंत. एक दिवस शिउलीच्या आईनं तिला क्वायरमधून काढलं. बाईंना त्याचं काही वाटल्याचं मी पाहिलं नाही. तिचा आवाज खरोखर चांगला होता आणि बाई त्याबाबतीत चुकल्या होत्या. हे इथे लिहून ठेवते, नाहीतर तेही पाकात जाईल.

त्यांना हवा असलेला आवाज होता सुखबतीचा. सुखबती माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. तिचे आईबाप जवळच्या कुरुद गावात राहायचे, बाप ठेकेदाराकडे मुरूम वाहायचा. घर पिढ्यान्‌पिढ्यांचं ख्रिस्ती, छत्तीसगढी. धानाच्या बांधावरून पलीकडच्या बांधाला हाक मारून मारून तयार झालेला तिचा गळा होता. त्यात गोड काही नव्हतं. ती तोंड उघडायची आणि आवाज सरळ समोरच्या भिंतीवर जाऊन आदळायचा. बाईंनी तिला वरच्या ओळीत मधोमध उभं केलं आणि बाकी सगळ्यांपेक्षा तिलाच जास्त बोलल्या. उच्चारावरून, श्वासावरून, उभं राहण्यावरून. सुखबती ऐकून घ्यायची आणि पुढच्या वेळी आणखी मोठ्यानं गायची. दोघींचं ते भांडणच होतं, आणि ते दोघींनाही मानवत होतं. तिच्या मागे मजुरांच्या कॅम्पातली आणि कुरुदची आणखी काही मुलं होती, तशाच उघड्या गळ्याची. बाई त्यांना "माही मागची रांग" म्हणायच्या.

चर्च बांधून झालं. बिशपसाहेब त्याच्या प्रतिष्ठेला, म्हणजे उद्घाटनाच्या उपासनेला येणार असं ठरलं आणि कमिटी जागी झाली.

कमिटीचे सेक्रेटरी होते थोरातसाहेब. आमच्यातलेच, मराठी, नागपूरचेच, प्लँटमध्ये मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्या पत्नी लिलीताई पियानो शिकलेल्या होत्या आणि गाणं त्यांना खरोखर कळत होतं. तालीम चालू असताना एका संध्याकाळी थोरातसाहेब हॉलमध्ये आले, मागे हात बांधून पूर्ण गाणं ऐकलं आणि मग बाईंना न विचारता रांगांसमोरून चालत गेले. मागच्या रांगेतल्या एकेकापुढे थांबले. मधल्या रांगेतून सुखबतीला बाहेर काढून त्यांनी मागे नेऊन उभं केलं. मग अगदी मायेनं, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटी, उस दिन तुम लोग सिर्फ होंठ हिलाना. आवाज मत निकालना. ठीक है?"

सुखबतीला आधी कळलंच नाही. तिनं बाईंकडे पाहिलं. "मैं नई गाहूँ का, बाई?"

बाई पेटीवरून उठल्या. "साहेब, हे काय सांगून राहिले तुमी?"

"चांदेकरबाई, गैरसमज नको. मुलं उभी राहतीलच, पांढरे कपडे घालून. रांग भरलेली दिसली पाहिजे. पण यांचा आवाज जरा... रांगडा आहे. बाहेरून माणसं येणार आहेत."

"मंग त्याह्यले ऐकू येईन."

"तेच तर म्हणतोय मी," थोरातसाहेब म्हणाले आणि स्वतःच्या वाक्यावर थोडं हसले. पुरुषांबद्दलही त्यांनी तिथेच सांगून टाकलं. शिफ्टवाल्यांचा भरवसा नाही, कोण येईल कोण नाही. त्या दिवशी जनरल शिफ्टचे, म्हणजे कायम दिवसपाळीचे चार ऑफिसर खालच्या ओळी गातील, त्यांची तालीम लिलीताई घरी घेतील.

त्यानंतर कमिटीची बैठक झाली. बाईंना बोलावलं होतं. माझे वडील कमिटीवर होते. घरी येऊन ताटावर बसले आणि आईनं विचारलं, तेव्हा मी शेजारीच होते.

"काय म्हने बाई?"

"म्हने, गातीन तं सगळे गातीन, नाई तं कोनीच नाई. ओठ हालवायचं काम मी शिकवलं नाई, शिकवनार नाई."

"मंग?"

वडील भात कालवत राहिले. "थोरातसाहेब म्हने, बाई, तुमी एवढं पक्कं शिकवलं हाय की आता कोनी बी समोर उभं राहून हात हालवला तरी गानं होते. लिली करीन."

"आन् तुमी? तुमी काय म्हनलं?"

"मी काय म्हननार? साहेब हाय तो."

आईनं वरणाचं भांडं त्यांच्यापासून जरा लांब सरकवून ठेवलं.

तो रविवार उजाडला. नवं चर्च चुन्याच्या वासाचं, बाकं व्हार्निशनं चिकट. पुढच्या दोन रांगांत आम्ही आवाजवाली मुलं. तिसऱ्या रांगेत ओठवाली, सुखबती मधोमध. तिला नवा पांढरा फ्रॉक मिळाला होता. समोर लिलीताई. बाई आल्या होत्या. सगळ्यात शेवटच्या बाकावर, मांडीवर पर्स, पाठ ताठ. त्यांच्या पुढच्या बाकावर आमचे शिफ्टवाले पुरुष धुतलेल्या कपड्यांत, थॉमस, माझे वडील आणि बाकीचे. त्या दिवशी त्यांच्यापैकी झाडून सगळ्यांना सुटी होती, हाही एक विनोदच.

बिशपसाहेबांची गाडी यायच्या जरा आधी प्लँटची जीप आली. कुठेतरी काहीतरी बिघडलं होतं. जनरल शिफ्टचे ते चार ऑफिसर घोळक्यानं बाहेर गेले, कोट काढत, आणि जीपमध्ये बसून निघून गेले. खालच्या दोन्ही ओळी रिकाम्या.

लिलीताईंचा चेहरा उतरला, पण त्या हुशार होत्या. सरळ मधल्या वाटेनं चालत शेवटच्या बाकापाशी आल्या. "रूथताई, तुमची माणसं द्या. प्लीज."

बाई उभ्या राहिल्या. त्यांना हळू बोलता येत नसे. "घ्या. पन माही मागची रांग आवाजानं गाईन."

लिलीताईंनी क्षणभरही विचार केला नाही. "गाऊ दे," त्या म्हणाल्या. हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम नोंदवते. पण तोवर थोरातसाहेब पोचले होते.

"काय चाललंय? बाई, देवाच्या घरात अटी घालता?"

"अटी तुमी घातल्या. मी तं गा म्हनून राहिले."

"गाडी फाटकात आलीय. आता वाद नको. पुरुषांनी पुढे या."

बाई पुरुषांकडे वळल्या. "थॉमस, कोई नहीं उठेगा."

थॉमस उठला नाही. त्यानं मान खाली घातली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. बाकीचेही बसून राहिले. काही क्षण असे गेले की मला वाटलं, झालं, आता साहेबांना नमावं लागणार. मग माझे वडील उठले. सगळ्यात आधी माझे वडील. बाकातून बाहेर येताना त्यांना बाईंच्या अगदी जवळून जावं लागलं. "बाई, आज राहू द्या," असं ते म्हणाले. त्यांच्यामागून एक उठला, मग आणखी एक, आणि शेवटी थॉमस. जाताना त्यानं बाईंकडे पाहिलं नाही.

लिलीताईंनी हात उचलला आणि आम्ही गायलो.

गाणं उत्तम झालं. माझा राग तिथेच आहे. फसलं असतं, कुणी अडखळलं असतं, सूर गेला असता, तर सगळ्यांना कळलं असतं की काहीतरी चुकलंय. पण काहीच चुकलं नाही. खालच्या ओळी आयत्या वेळी आल्या आणि मांडी घालून बसल्या. वरच्या ओळीत सुखबती नव्हती, तर तिची जागा आम्ही भरून काढली, कारण आम्हाला तसंच शिकवलं होतं. बाई नव्हत्या, तर त्यांचीही जागा भरून निघाली. बिशपसाहेब प्रसन्न झाले. ते लिलीताईंना काय म्हणाले ते मी पुढच्या रांगेतून ऐकलं. ते म्हणाले, "किती गोड!"

शेवटच्या कडव्यात मी मागे पाहिलं तेव्हा शेवटचं बाक रिकामं होतं.

घरी वडील खुशीत होते. "मस्त झालं," ते म्हणाले.

"मस्त झालं ना?" आई म्हणाली. "मंग खा." आणि पानात वाढून स्वयंपाकघरात निघून गेली. वडिलांचा मला बरीच वर्षं राग होता. ते वारले तेव्हाही तो पूर्ण गेला नव्हता. ते वाईट नव्हते. साहेबाच्या एका शब्दावर क्वार्टर, बदली, पाळी सगळं अवलंबून होतं, हे आता मला कळतं. कळणं वेगळं आणि राग जाणं वेगळं.

त्या दिवशीचा फोटो चर्चच्या ऑफिसात आहे. मी मध्ये भिलाईला गेले होते तेव्हा पाहिला. सगळी क्वायर पायऱ्यांवर, गाताना. फोटोत सगळ्यात मोठं उघडलेलं तोंड सुखबतीचं आहे. तिला जे सांगितलं होतं ते तिनं जीव ओतून केलं.

त्यानंतर सुखबती गायली नाही. आधी क्वायरला येईना, मग शाळेला. बाईंनी चर्चची क्वायर सोडली. शाळेत वर्ग घ्यायच्या, प्रार्थना घ्यायच्या, पण केसांत खडू दिसेनासा झाला. आम्ही हळू गायलो तरी रागावेनात. आम्हाला त्याची भीती वाटायला लागली.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात बाई अमरावतीकडे गेल्या त्या परत आल्या नाहीत. त्यांच्या जागी दुसऱ्या बाई आल्या. पुष्कळ वर्षांनी त्यांच्या भावाकडून त्या गेल्याचं कळलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शाळा सुटायच्या आधीच्या एका रविवारी, कुरुदला.

सुखबतीची पाटी माझ्याकडे राहिली होती, ती द्यायला मी निघाले होते. रस्त्यात बाई भेटल्या, सायकलवर, मागे पेटी. "तिकडेच चालली काय? चाल," एवढंच म्हणाल्या. बाई काही त्या रविवारी पहिल्यांदा जात नव्हत्या, हे मला तिथे पोचल्यावर कळलं, कारण गल्लीतली पोरं "गानावाली बाई" म्हणून आधीच मागे लागली.

सुखबतीचं घर कवेलूंच्या छपराचं, बुटकं. दार लोटलेलं. तिची आई बाहेर धान पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "नई गावय, बहनजी. चुप रहिथे. काबर आथव रोज-रोज? क्यों आते हो?"

"मैं गाने को नहीं बोलूँगी," बाई म्हणाल्या. "मैं खुद गाऊँगी."

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. पेटी सोडली नाही. रस्त्यात उभ्या राहिल्या, दाराकडे तोंड करून, आणि गायला लागल्या. प्रतिष्ठेच्या दिवशीचंच गाणं. पण वरची ओळ नाही, दुसरी. चाल नसताना ती नुसती दुसरी ओळ ऐकायला फार विचित्र लागते, मधूनच वर जाते, मधूनच एकाच सुरावर अडून बसते. जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. एक म्हातारा चिलीम विझवून पाहत राहिला. बाईंना गाणारा आवाज असा नव्हताच. त्या शिकवायच्या, गायच्या नाहीत. घोगरा, तापलेला आवाज. तोंड लाल झालेलं. मुठी आवळलेल्या. प्रत्येक कडव्याच्या सुरुवातीला त्या थांबायच्या आणि चाल जिथे सुरू व्हायला हवी तेवढी जागा मोकळी सोडायच्या.

आत भांड्यांचा आवाज चालू होता. दुसऱ्या कडव्यात तो थांबला. दार हललं नाही.

मला ते ऐकवेना. इतकी मोठी बाई, आणि लोक हसताहेत. वरची ओळ मला येत होती. मी श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. इतक्या रागानं त्यांनी माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

"तू गप राह्य," त्या म्हणाल्या. "ती ओळ तुही नाई."

मग दाराकडे तोंड करून त्यांनी तिसरं कडवं सुरू केलं.